मेन्यूच्या टेम्प्लेटमधले बाइंडिंग एरर: खरे कुठले आणि नुसते ओरडणारे कुठले?

कंसातला (धागाकर्ता)

मंडळी, डब्ल्यूपीएफमधलं (विंडोजवरच्या खिडक्या-मेन्यू बांधायची मायक्रोसॉफ्टची चौकट) एक डेस्कटॉप ॲप्लिकेशन आहे, डॉटनेट ८ वर चालतं. मेन्यू आधी हाताने लिहिलेला होता, आता व्ह्यूमॉडेलमधून (पडद्यामागचा डेटा आणि कमांडा सांभाळणारा वर्ग) बाइंडिंगने, म्हणजे थेट जोडून, भरायचा आहे. तेव्हापासून आउटपुट खिडकी एररने भरून वाहतेय आणि त्यातला कुठला महत्त्वाचा तेच कळत नाही.

इथे कोड चिकटवला की साइट टोकदार कंस गिळून टाकते, म्हणून शब्दांतच सांगतो.

पहिलं. फाइल मेन्यूखाली ‘अलीकडच्या फाइली’ असा उपमेन्यू आहे. त्याचा आयटम्ससोर्स व्ह्यूमॉडेलमधल्या ऑब्झर्व्हेबलकलेक्शनला (बदलली की पडद्याला कळवणारी यादी) बांधलाय. आयटमटेम्प्लेटमध्ये एक मेन्यूआयटम ठेवलाय, त्याचा हेडर फाइलच्या नावाला आणि कमांड ‘उघडा’ला बांधलेली. नावं दिसतात, पण प्रत्येक ओळ उगाच आत सरकलेली दिसते. बरोबर नावावर क्लिक केलं तर फाइल उघडते, कडेला केलं तर काहीच नाही. कीबोर्डने खाली येऊन एंटर मारलं तरी काही नाही.

दुसरं. ग्रिडच्या ओळींवर उजव्या क्लिकचा मेन्यू आहे. त्यातल्या ‘काढून टाका’ची कमांड खिडकीच्या व्ह्यूमॉडेलवर आहे, म्हणून रिलेटिव्हसोर्स फाइंडॲन्सेस्टर (वर चढत पूर्वज एलिमेंट शोधणारं बाइंडिंग) देऊन विंडोपर्यंत पोचायचा प्रयत्न केला. मेन्यू उघडतो, क्लिक होतो, घडत काहीच नाही.

तिसरं, आणि सगळ्यात त्रासदायक. ‘डेटा एरर ४, कॅनॉट फाइंड सोर्स फॉर बाइंडिंग’ हा एरर शेकड्याने येतो. त्यात आयटम्सकंट्रोल हा पूर्वज सापडत नाही म्हणे, आणि टार्गेट प्रॉपर्टी हॉरिझाँटलकंटेंटअलाइनमेंट. ही प्रॉपर्टी मी माझ्या कोडमध्ये कुठेही लिहिलेली नाही!

झटपट

तिसऱ्यावर सोपा उपाय: प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसमध्ये डेटाबाइंडिंगसोर्सच्या स्विचची लेव्हल ऑफ करा. एका ओळीत काम होतं, आउटपुट स्वच्छ.

रात्रपाळी

झटपट, अहो, असलं कुणाला सांगू नका. त्या एका ओळीने दुसऱ्या मुद्द्याचा एररही गप्प होईल, आणि तो खरा आहे.

कंसातला, तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. एररचा क्रमांक एकच दिसतो म्हणून ती एक वाटतात. आधी तो संदेश वाचायचा कसा ते सांगतो, कारण बहुतेक लोक तो डावीकडून वाचायला लागतात आणि दुसऱ्या ओळीत कंटाळतात. उलटा वाचा. सगळ्यात शेवटी टार्गेट प्रॉपर्टी असते, म्हणजे कुणाची जागा रिकामी राहिली. त्याच्या आधी टार्गेट एलिमेंट, म्हणजे ती कुणाच्या अंगावरची. त्याच्याही आधी डेटाआयटम आणि पाथ, म्हणजे कुठे शोधलं आणि काय शोधलं.

तुमच्याकडे दोन वेगळे चार नंबर आहेत. एकात टार्गेट हॉरिझाँटलकंटेंटअलाइनमेंट आणि पूर्वज आयटम्सकंट्रोल. दुसऱ्यात टार्गेट कमांड आणि पूर्वज विंडो, हो ना? आउटपुटमध्ये ‘विंडो’ शब्द शोधून बघा, त्या गर्दीत तो नक्की दडलेला असणार.

कंसातला

सापडला! टार्गेट प्रॉपर्टी कमांड, पूर्वजाचा प्रकार विंडो, डेटाआयटम नल. मेन्यू उघडला की एकदाच येतो, म्हणून दिसलाच नव्हता.

रात्रपाळी

तर मग क्रमाने घेऊ. मुद्दा दुसरा आधी, कारण तो वापरणाऱ्याला टोचतो.

उजव्या क्लिकचा मेन्यू पॉपअपमध्ये उघडतो आणि पॉपअपला स्वतःची वेगळी खिडकी असते, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हिशोबाने वेगळा हँडल. कॉन्टेक्स्टमेनूपासून वर चढत गेलं की वाट त्या पॉपअपपाशी संपते. तुमची विंडो त्या वाटेवर नाहीच. फाइंडॲन्सेस्टरने कितीही शोधलं तरी ती काय सापडणार? एलिमेंटनेमचीही तीच गत, नावांचा स्कोप वेगळा पडतो.

गंमत म्हणजे मुख्य मेन्यूत हेच बाइंडिंग चालतं. तिथला उपमेन्यूही पॉपअपमध्येच असतो, पण तो पॉपअप मेन्यूआयटमच्या टेम्प्लेटच्या आत जन्मलेला असतो, त्यामुळे पॉपअपवरून मेन्यूआयटम, तिथून मेन्यू आणि तिथून विंडो अशी साखळी लागते. म्हणून लोक मुख्य मेन्यूतला चालणारा कोड उचलून उजव्या क्लिकच्या मेन्यूत टाकतात आणि अडकतात.

डेटाकॉन्टेक्स्ट (बाइंडिंग ज्या ऑब्जेक्टवर प्रॉपर्टी शोधतं तो) मात्र कॉन्टेक्स्टमेनूला ज्याच्यावर तो लावलाय त्याच्याकडून मिळतो. तुमच्या बाबतीत ती ग्रिडची ओळ, म्हणजे डेटाकॉन्टेक्स्ट हा त्या ओळीचा ऑब्जेक्ट. सरळ ‘कमांडला बांध’ लिहिलंत तर एरर ४ ऐवजी ४० येईल: त्या ऑब्जेक्टवर या नावाची प्रॉपर्टी नाही. ४ म्हणजे स्रोतच सापडला नाही. ४० म्हणजे स्रोत सापडला, त्याच्यावर हवी ती गोष्ट नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मा शोध वाचतो.

उपाय: ग्रिडच्या ओळीच्या स्टाइलमध्ये टॅग ही प्रॉपर्टी विंडोच्या डेटाकॉन्टेक्स्टला बांधा. ओळ व्हिज्युअल ट्रीमध्येच (खिडकीतल्या एलिमेंटांच्या साखळीत) असल्याने तिथे फाइंडॲन्सेस्टर व्यवस्थित चालतो. मग मेन्यूआयटमच्या कमांडला पूर्वज म्हणून कॉन्टेक्स्टमेनू द्या आणि पाथ लिहा प्लेसमेंटटार्गेट, टिंब, टॅग, टिंब, तुमच्या कमांडचं नाव. प्लेसमेंटटार्गेट म्हणजे ज्याच्यावर उजवं क्लिक झालं ते. कमांडपॅरामीटरला नुसतं रिकामं बाइंडिंग पुरेल, ओळीचा ऑब्जेक्ट आपोआप जाईल.

आडवळण

+१. एक भर घालतो. क्लिक होतो पण काही घडत नाही, आणि आयटम करडा झालेला असतो, या दोन लक्षणांत फरक आहे. कमांड नल राहिली तर मेन्यूआयटम करडा होत नाही, तो खुशाल चालू दिसतो. त्यामुळे धागाकर्त्याने वर्णन केलेलं ऐकताक्षणी समजावं की बाइंडिंग तुटलंय. करडा असेल तर उलट बाइंडिंग लागलंय, कॅनएक्झिक्यूट (कमांड आत्ता चालेल का ते सांगणारी मेथड) नाही म्हणतोय. मग व्ह्यूमॉडेलमध्ये शोधा, झॅमलमध्ये (खिडकीची रचना लिहायची भाषा) नको.

याला अपवाद राउटेडकमांडचा. कट, कॉपी, पेस्टसारख्या राउटेड कमांडा कॉन्टेक्स्टमेनूत टाकल्या आणि खिडकीत कशावरच फोकस नसला तर त्या करड्या दिसतात, कारण मेन्यूचा फोकस स्कोप स्वतंत्र आहे. तिथे कमांडटार्गेटला प्लेसमेंटटार्गेट द्यावं लागतं.

टिंबटिंब

टॅगचा वापर मला नेहमी खटकतो. टॅग एकच असतो, उद्या दुसऱ्या कुणाला तो हवा झाला की भांडण. त्यापेक्षा बाइंडिंग प्रॉक्सी करा. फ्रीझेबलपासून एक छोटा वर्ग काढायचा, त्यात डेटा नावाची एक डिपेंडन्सी प्रॉपर्टी आणि क्रिएटइन्स्टन्सकोअर ही मेथड, बस. तो विंडोच्या रिसोर्सेसमध्ये ठेवायचा आणि त्याचा डेटा रिकाम्या बाइंडिंगने बांधायचा. फ्रीझेबल ट्रीमध्ये नसला तरी रिसोर्सेसच्या मालकाचा डेटाकॉन्टेक्स्ट त्याला मिळतो, हीच त्याची खुबी. मग कॉन्टेक्स्टमेनूतून स्टॅटिकरिसोर्स म्हणून सोर्स द्या. वर चढायची गरजच नाही.

रात्रपाळी

प्रॉक्सी उत्तम आहे, मीही वापरतो. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी फ्रीझेबल शिकवायचा म्हटलं तर तो धागा सोडून पळतो. एकच मेन्यू असेल तर टॅग, पाचसहा ठिकाणी तीच गरज असेल तर प्रॉक्सी. वाद मिटला.

टिंबटिंब

मिटला नाही, पण पुढे चला. :)

अर्धा_कप

प्रॉक्सी कशाला, एक्स रेफरन्स आहे की! विंडोला नाव द्या आणि सोर्स म्हणून एक्स रेफरन्स.

टिंबटिंब

चालतं, पण जपून. ज्याचा संदर्भ देताय त्याच्या आतच तो कॉन्टेक्स्टमेनू लिहिलेला असेल तर चक्र तयार होतं आणि झॅमल लोड होतानाच अपवाद फेकतो. विंडोच्या आतल्या ग्रिडच्या मेन्यूतून विंडोचाच संदर्भ, म्हणजे नेमकी तीच परिस्थिती.

अर्धा_कप

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

रात्रपाळी

आता पहिला मुद्दा. इथे बाइंडिंग एरर नाहीच, म्हणून आउटपुट कितीही वाचलं तरी उत्तर मिळालं नसतं.

आयटमटेम्प्लेट हे मेन्यूच्या ओळीचं टेम्प्लेट नसतं. ते ओळीच्या आत, हेडरच्या जागी काय दिसावं त्याचं टेम्प्लेट असतं. ओळ म्हणजे कंटेनर, तो मेन्यूआयटम प्रत्येक नोंदीसाठी डब्ल्यूपीएफ स्वतः बनवतो. तुम्ही टेम्प्लेटमध्ये आणखी एक मेन्यूआयटम ठेवलात, त्यामुळे मेन्यूआयटमच्या हेडरमध्ये मेन्यूआयटम बसला. आतल्याला कमांड आहे, बाहेरच्याला नाही. कडेचं क्लिक आणि कीबोर्डचा एंटर दोन्ही बाहेरच्याला लागतात, तो बिचारा काय उघडणार? ओळ आत सरकलेली दिसते तीही त्यामुळेच.

टेम्प्लेटमधून मेन्यूआयटम काढा आणि तिथे साधा टेक्स्टब्लॉक ठेवा. कमांड आणि कमांडपॅरामीटर आयटमकंटेनरस्टाइलमध्ये सेटर म्हणून लिहा, टार्गेटटाइप मेन्यूआयटम. एक लक्षात ठेवा: त्या स्टाइलमधल्या बाइंडिंगचा डेटाकॉन्टेक्स्ट म्हणजे ती एक नोंद, पूर्ण व्ह्यूमॉडेल नव्हे. ‘उघडा’ कमांड मुख्य व्ह्यूमॉडेलवर असेल तर इथे खुशाल फाइंडॲन्सेस्टर वापरा, पूर्वज मेन्यू, पाथ डेटाकॉन्टेक्स्ट टिंब कमांड. वर सांगितल्याप्रमाणे मुख्य मेन्यूत साखळी लागते.

आणि मेन्यू अनेक पातळ्यांचा होणार असेल तर साध्या डेटाटेम्प्लेटऐवजी हायरार्किकलडेटाटेम्प्लेट घ्या. त्यात आयटम्ससोर्स मुलांच्या यादीला बांधायचा. शेवटच्या पातळीवरच्या ऑब्जेक्टवर ती यादीची प्रॉपर्टीच नसेल तर पुन्हा ४० नंबर, तेव्हा शेवटच्या पातळीवरच्या ऑब्जेक्टांनाही ती प्रॉपर्टी द्या, रिकामी असली तरी चालेल.

शून्यआधारित

टेक्स्टब्लॉकबद्दल एक फायदा सांगायचा राहिला. हेडर नुसता स्ट्रिंग दिला तर नावातली पहिली अधोरेघ मेन्यू खाऊन टाकतो, कारण ती ॲक्सेस कीची खूण. फाइलच्या नावांत अधोरेघा भरपूर असतात. टेक्स्टब्लॉकमध्ये त्या जशाच्या तशा दिसतात. स्ट्रिंगच द्यायचा असेल तर प्रत्येक अधोरेघ दुहेरी करावी लागते.

कंसातला

पहिला सुटला, दुसराही सुटला (टॅगने, टिंबटिंब माफ करा). पण तिसऱ्याचं काय? तो एरर निरुपद्रवी असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि कारण कुणीच सांगत नाही.

आडवळण

कारण सांगतो. मेन्यूआयटमची जी मूळ स्टाइल थीममध्ये येते, तिच्यातच दोन सेटर आहेत: आडवं आणि उभं कंटेंट अलाइनमेंट, दोन्ही पूर्वज आयटम्सकंट्रोलच्या त्याच नावाच्या प्रॉपर्टीला बांधलेली. हेतू असा की मेन्यूला अलाइनमेंट दिलं की ओळींनी ते आपोआप घ्यावं. लिस्टबॉक्सआयटम, कॉम्बोबॉक्सआयटम, ट्रीव्ह्यूआयटम यांच्यातही हेच आहे, म्हणून तिथेही हाच एरर भेटतो.

घोळ वेळेचा आहे. कंटेनर बनतो, त्याला स्टाइल लागते, बाइंडिंग जागं होऊन पूर्वज शोधायला निघतं, आणि कधी कधी त्या क्षणी कंटेनर आई-बापाला जोडलेलाच नसतो. नोंद काढताना उलट होतं, कंटेनर ट्रीमधून सुटतो आणि बाइंडिंग अजून शोधतच असतं. अंतिम दिसण्यावर परिणाम बहुधा शून्य, म्हणून लोक निरुपद्रवी म्हणतात.

तुमच्याकडे शेकड्याने येतात याचा अर्थ यादी वारंवार रिकामी करून भरताय. प्रत्येक फाइल उघडल्यावर क्लिअर करून पुन्हा ॲड करत असाल तर तसं करू नका. ऑब्झर्व्हेबलकलेक्शनला मूव्ह आहे, इन्सर्ट आहे. जुनी नोंद वर सरकवा, नसेल तर वर घाला, शेवटची काढा. एरर कमी होतील आणि मेन्यूही दर वेळी नव्याने उभा राहणार नाही.

झटपट

मग ॲपच्या रिसोर्सेसमध्ये मेन्यूआयटमची स्टाइल लिहून दोन्ही अलाइनमेंट थेट सेट करायचं, लेफ्ट आणि सेंटर, हा उपाय चालतो की नाही? काही जण शपथेवर चालतो म्हणतात, काही जण अजिबात नाही म्हणतात.

आडवळण

चांगला प्रश्न. न चालण्याचं एक कारण मी हमखास बघतो. ॲपमधली स्टाइल किल्लीशिवाय लिहिलेली, म्हणजे अव्यक्त. ती फक्त तेव्हाच लागते जेव्हा आयटमला दुसरी स्टाइल दिलेली नसते. आयटमकंटेनरस्टाइल दिलीत की अव्यक्त स्टाइल बाजूला पडते आणि थीममधलं बाइंडिंग पुन्हा जागं. तेव्हा आयटमकंटेनरस्टाइलमध्ये बेस्डऑन लिहून त्या अव्यक्त स्टाइलवर उभी करा, किल्लीच्या जागी मेन्यूआयटमचा प्रकार. मग दोन्ही सेटर तिथे पोचतात.

अलाइनमेंट प्रत्येक मेन्यूआयटमच्या अंगावर थेट लिहिण्यावर विसंबू नका, थीमची स्टाइल त्याच्या आधी लागून एरर छापून मोकळी झालेली असू शकते.

कंसातला

बेस्डऑन नव्हतंच. घातलं, आणि यादीला मूव्ह-इन्सर्ट केलं. आउटपुट जवळपास कोरडं! आता वेगळाच एक उरलाय: पाथ एरर, प्रॉपर्टी सापडली नाही, आणि ऑब्जेक्टचा प्रकार ‘नेम्डऑब्जेक्ट’. असा वर्ग माझ्याकडे नाही.

टिंबटिंब

तुमचा नाहीच तो. कंटेनर ट्रीमधून काढला की डब्ल्यूपीएफ त्याच्या डेटाकॉन्टेक्स्टमध्ये ‘डिस्कनेक्टेडआयटम’ नावाची खूण ठेवते, ती या अंतर्गत प्रकाराची असते. डॉटनेट फ्रेमवर्क ४ पासून हे आहे. ४.५ मध्ये ती खूण बाइंडिंगऑपरेशन्सच्या डिस्कनेक्टेडसोर्स या नावाने उघड केली. मेन्यूपुरता तो एरर सोडून द्या. पण तुमच्या कोडबिहाइंडमध्ये कुठे क्लिक हँडलरमध्ये डेटाकॉन्टेक्स्ट सरळ कास्ट करत असाल तर तिथे प्रकार तपासूनच कास्ट करा, नाहीतर एखाद्या दिवशी इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन येऊन ॲप्लिकेशन पडेल आणि ते पुन्हा घडवून दाखवता येणार नाही.

रात्रपाळी

आउटपुट कोरडं झालंच आहे तर ते कोरडं राहील याचीही सोय करा. ट्रेसलिसनरपासून एक वर्ग काढा, तो डेटाबाइंडिंगसोर्सच्या लिसनर्समध्ये घाला आणि संदेश आला की डीबगर थांबवा. अलाइनमेंट आणि नेम्डऑब्जेक्टवाले संदेश गाळा, बाकी प्रत्येकावर थांबू दे. चाचण्यांमध्ये थांबण्याऐवजी अपवाद फेका. डीबगरशिवाय चालवताना प्रेझेंटेशनट्रेससोर्सेसचं रिफ्रेश आधी बोलवा, नाहीतर ट्रेस बंदच राहतो आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय.

एकाच बाइंडिंगचा माग काढायचा असेल तर त्या बाइंडिंगवर ट्रेसलेव्हल हाय लावा. कुठल्या पूर्वजाला विचारलं, तिथून कुठे गेलं, काय मिळालं, सगळा पंचनामा आउटपुटमध्ये येतो. काम झालं की काढा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ पासून बाइंडिंग फेल्युअर्सची स्वतंत्र खिडकीही आहे, तीत सारखे एरर एकत्र गटात दिसतात, गर्दीत ‘विंडो’ शोधत बसावं लागत नाही.

शून्यआधारित

स्नूपही वापरून बघा. चालू ॲप्लिकेशनवर टाकता येतो, मेन्यूआयटम निवडला की डेटाकॉन्टेक्स्ट काय आहे ते समोर दिसतं. अडचण एवढीच की दुसरीकडे क्लिक केलं की मेन्यू बंद होतो. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून माउस त्या आयटमवर नेला की तो स्नूपमध्ये निवडला जातो, क्लिक लागत नाही.

अर्धा_कप

या वेळी प्रकाटाआ करायला लागू नये अशी आशा. मी मेन्यूआयटमचं कंट्रोलटेम्प्लेट पूर्ण स्वतःचं लिहिलंय, रंगरूप बदलायला. उपमेन्यू उघडतो, बाहेर क्लिक केलं की बंदही होतो, पण पुन्हा उघडायला दोनदा क्लिक करावं लागतं. एरर एकही नाही.

रात्रपाळी

पॉपअपचं इझओपन टेम्प्लेटबाइंडिंगने बांधलंय का?

अर्धा_कप

हो.

रात्रपाळी

तेच. टेम्प्लेटबाइंडिंग एकेरी असतं. पॉपअप बंद झाला ही बातमी मेन्यूआयटमच्या इझसबमेन्यूओपनपर्यंत परत जात नाही, तो स्वतःला अजून उघडाच समजतो. पहिलं क्लिक तो ‘बंद’ करण्यात जातं. तिथे पूर्ण बाइंडिंग लिहा, रिलेटिव्हसोर्स टेम्प्लेटेडपेरेंट. इझओपन मुळातच दुहेरी बांधलं जातं, त्यामुळे मोड वेगळा द्यायची गरज नाही. आणि पॉपअपचं नाव पार्ट_पॉपअप हेच ठेवा, मेन्यूआयटम त्या नावाने त्याला शोधतो. रोलवरून ट्रिगरही बघून घ्या: वरची ओळ की उपमेन्यूतली, आत आणखी आयटम आहेत की नाहीत, असे चार रोल असतात आणि चारही सांभाळावे लागतात.

कंसातला

अलीकडच्या फाइलींच्या खाली एक विभाजक रेघ आणि ‘यादी पुसा’ हवंय. यादी तर आयटम्ससोर्समधून येते. सेपरेटर थेट यादीत टाकू का?

आडवळण

टाकलात तरी चालेल, सेपरेटर स्वतःच कंटेनर म्हणून वापरला जातो आणि मेन्यूआयटमसाठीची आयटमकंटेनरस्टाइल त्याला लावली जात नाही. पण व्ह्यूमॉडेलमध्ये दृश्य वस्तू आल्या की चाचण्या लिहिताना रडाल. ‘यादी पुसा’साठी मेन्यूआयटमही यादीतच घुसवलात तर २६ नंबरही येईल: कंटेनरच दिलाय, म्हणून आयटमटेम्प्लेटकडे दुर्लक्ष केलं.

कम्पोझिटकलेक्शन वापरता येईल, पण तोही ट्रीच्या बाहेर असतो. त्यातल्या कलेक्शनकंटेनरचं साधं बाइंडिंग २ नंबरचा एरर देतं, गव्हर्निंग फ्रेमवर्कएलिमेंट सापडत नाही म्हणून. रिसोर्सेसमध्ये कलेक्शनव्ह्यूसोर्स ठेवा आणि कंटेनरला तो स्टॅटिकरिसोर्सने द्या.

तिसरा रस्ता मला आवडतो. यादीत रेघेसाठी आणि ‘यादी पुसा’साठी आपलेच दोन साधे वर्ग ठेवायचे, मेन्यूवर युजेसआयटमकंटेनरटेम्प्लेट खरं करायचं आणि रिसोर्सेसमध्ये प्रत्येक प्रकारासाठी आयटमकंटेनरटेम्प्लेट लिहायचं. इथे मात्र टेम्प्लेटमध्ये खरोखर मेन्यूआयटम किंवा सेपरेटर लिहायचा असतो, तुम्ही सुरुवातीला आयटमटेम्प्लेटमध्ये लिहिला होता तसाच. ही सोय ४.० पासून आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. उपमेन्यूला ती आपोआप मिळत नाही, ‘अलीकडच्या फाइली’च्या मेन्यूआयटमवर वेगळी द्या.

कंसातला

तिसरा रस्ता घेतला, रेघ आली. आता आयकॉन फक्त शेवटच्या फाइलीपुढे दिसतोय, बाकीच्या ओळी कोऱ्या. आयकॉनची इमेज स्टाइलच्या सेटरमध्ये आहे.

टिंबटिंब

सेटरमधली इमेज एकच असते आणि एका एलिमेंटला एकच पालक. प्रत्येक ओळ ती मागच्याकडून ओढून घेते, शेवटची जिंकते. इमेज रिसोर्स म्हणून बाहेर काढा, तिच्यावर एक्स शेअर्ड फॉल्स लिहा आणि सेटरमध्ये स्टॅटिकरिसोर्सने वापरा.